पीएच रात्री ५.५, सकाळी ७! कार्डिनल टेट्राची अंडी वाया जातायत

मुठाकाठ: नमस्कार मंडळी. हडपसरला राहतो, सोसायटीला बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६५०. दीड फुटी टाकीत कार्डिनल टेट्रा माशांची जोडी अंड्यांसाठी वेगळी काढलीय. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं, त्यात पीएच उतरावा म्हणून बदामाची वाळकी पानं. रोज सकाळी झाडाखाली वेचतो, वॉचमननं आता विचारणंही सोडलंय. पाणी कोऱ्या चहासारखं झालं, पण पीएच ७.२! फॉस्फोरिक अ‍ॅसिड थेंबाथेंबानं घातलं, सकाळी परत ७. दोनदा अंडी पडली, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पांढरीफटक. काय चुकतंय?

पाणकावळा: रंगावर जाऊ नका. आरओचा टीडीएस मोजलात? घरगुती मशीनला बरेचदा टीडीएस कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. वर मिनरल कार्ट्रिज. माझ्याकडे ९० यायचा. मेम्ब्रेनमधून (आरओची गाळणी) निघणाऱ्या नळीलाच टी (तीन तोंडांचा जोड) लावला, आता २० च्या आत. पाण्यात कार्बोनेट उरलं की पानांचं आम्ल तेच खाऊन टाकतं, तुमचं अ‍ॅसिडही. आणि पाणी आम्ल करायला नर्सरीत पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) मागाल तर कोकोपीट गळ्यात मारतील, ते घेऊ नका.

मुठाकाठ: ८५ निघाला!! खाली पांढरी वाळू आहे, तिचं काही?

तळ्यातमळ्यात: चिमूटभर वाटीत घ्या, वर व्हिनेगर टाका. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा नाहीतर संगमरवराचा चुरा, म्हणजे पुन्हा तेच कार्बोनेट. तसंही अंड्यांच्या टाकीत वाळू हवीच कशाला? तळ उघडा, जावा मॉसचा (पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती) पुंजका, बाजूंना काळा कागद. या अंड्यांना उजेड सोसत नाही. हे मासे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या रिओ निग्रो नदीचे, तिथे पीएच ४-५ आणि क्षार जवळपास नाहीतच.

एक मात्र सांभाळा. पीएच ६ खाली गेला की फिल्टरमधले जीवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण अमोनियमच्या रूपात, म्हणून मासे टिकतात. त्यात बोअरचं पाणी ओतलंत की पीएच चढतो आणि त्याचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. माझे अकरा कार्डिनल एका रविवारी असेच गेले, तेही पाहुण्यांसमोर.

मुठाकाठ: वाळू सोडा-लिंबूसारखी फसफसली. काढून टाकली. टी बसवला, बायकोला दोनदा समजावलं की पिण्याच्या पाण्याची चव तीच राहणार. टीडीएस २२, चार पानं, पाचव्या दिवशी ५.८. आज संध्याकाळी जोडी सोडलीय. टाकीवर जुनी चादर टाकलीय, आणि मी दर अर्ध्या तासानं तिचा कोपरा उचलून बघतोय.

पाणकावळा: कोपरा सोडा आधी!