तलावाकाठच्या उद्यानात पायवाट: १२० मीटर दलदल कशी ओलांडावी?

प्रभागकर
प्रभागातल्या उद्यानाला लागून जुना तलाव आहे. सल्लागाराने भोवती अडीच मीटर रुंद वाट सुचवली आहे: पाऊण मीटर मुरमाचा भराव, वर पेव्हर ब्लॉक. त्यातले १२० मीटर पाणकणीस आणि लव्हाळ्यांच्या पट्ट्यातून जातात. पाणी जायला ३०० मिमीचे तीन ह्यूम पाइप (काँक्रीटचे नळ) दाखवलेत. एवढं पुरे का? व्हीलचेअर जायलाच हवी. निविदा निघायची आहे.

गाळमाप
नाही पुरत. अशा पट्ट्यात पाणी ओढ्यासारखं एका धारेत वाहत नाही, सगळ्या रुंदीभर पसरून झिरपतं. भराव म्हणजे बांधच. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालचा भाग सुकून तिथे गाजरगवत माजतं, आणि पाइपांच्या तोंडाशी जलपर्णी अडकली की तेही बंद.

पण त्याआधी वाटेची आखणी तपासा. सर्वेक्षण मे महिन्यात झालं असेल तर ते जवळजवळ निरुपयोगी, कारण तेव्हा दलदल भेगाळलेल्या मैदानासारखी दिसते. सप्टेंबरअखेर तलाव भरलेला असताना पाण्याच्या कडेने खुंट्या मारा. मग १२ मिमीची दोन मीटर सळई दर दहा मीटरवर हाताने दाबून बघा. ३० सेंमीपेक्षा जास्त सहज गेली तर ती जागा मऊ धरायची. ओल्या जमिनीत राखाडी मातीवर गंजाचे ठिपके दिसतात म्हणतात, पण आपल्या काळ्या मातीत ते झाकले जातात. तिथे झाडोऱ्यावरच भिस्त ठेवा. एवढं केल्यावर बऱ्याचदा वाटेचा निम्मा भाग उंच कडेवर सरकवता येतो, आणि दलदलीत फक्त पक्षी बघायला एक आखूड फाटा पुरतो.

तलाव पाणथळ म्हणून अधिसूचित आहे का हेही बघा. असेल तर २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून पक्कं बांधकाम चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेल्या तलावांना हे नियम लागू नाहीत.

खांब_आणि_जाळी
जो भाग टळत नाही तिथे भराव नको, बोर्डवॉक, म्हणजे खांबांवर उचललेली वाट. रुंदी दीड मीटर, आणि दर २५-३० मीटरवर १.८ मीटरचा रुंद टप्पा, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडतील. दर २.४ मीटरवर खांबांची जोडी धरली तर १२० मीटरला ५१ जोड्या, म्हणजे १०२ खांब. ७६ मिमीच्या नळीचे १०२ खांब मिळून अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जमीन व्यापतात. तुमच्या भरावाचे दोन्ही उतार १:२ (उंचीच्या दुप्पट आडवे) धरले तर तळ साडेपाच मीटर रुंद, म्हणजे ६६० चौरस मीटर दलदल गाडली जाते.

खांबासाठी स्क्रू पाइल, म्हणजे टोकाला पातं असलेली, स्क्रूसारखी फिरवत जमिनीत घालायची नळी, सर्वात सोपा: खोदाई नाही, काँक्रीट नाही. मात्र दख्खनच्या तलावांत गाळाखाली लवकरच मुरूम किंवा कातळ लागतो आणि तिथे पाइलचं पातं फिरत नाही. म्हणून आधी तीन-चार ठिकाणी चाचणी घ्या. कातळ लागला तर लहान भोक पाडून नळी ग्राऊटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) बसवा. उलट काळी माती खोल असेल तर पातं तिच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली गेलंच पाहिजे, नाहीतर दर पावसाळ्यात वाट वरखाली होणार.

वर फायबर ग्रेटिंग (फायबरची जाळी) घाला, त्यातून ऊन आणि पाऊस खाली जातो. नेहमीच्या ३८ मिमी जाळीत व्हीलचेअरची पुढची चाकं अडकतात. १३ मिमीची बारीक जाळी मागा. पुनर्वापराच्या प्लास्टिक फळ्या टिकतात, पण उन्हात वाढतात आणि झोळतात. त्यांना दर ३०० ते ४०० मिमीवर आधार लागतो.

प्रभागकर
कठडा किती उंच ठेवायचा?

पाणलोट
वाट जमिनीपासून सहाशे मिमीच्या आसपास असेल तर कठडा टाळा. दोन्ही कडांना १०० मिमीची पट्टी पुरे. वरच्या मताला माझी एक पुरवणी: पुरात वाट बुडणारच असं धरून डिझाइन करा. भरगच्च कठड्याला जलपर्णीचे गठ्ठे अडकतात आणि आडव्या रेट्याने खांब कलतात. खांबांच्या प्रत्येक जोडीला तिरके आधार (ब्रेसिंग) द्या. खर्च वाचवताना कंत्राटदार आधी तेच गाळतात.

बांधकामाची पद्धत निविदेतच लिहा, तोंडी सूचना साइटवर टिकत नाहीत. दलदलीत जेसीबी किंवा ट्रॅक्टर बंद: चाकोऱ्यांचे चर होतात आणि त्यांतून पट्ट्यातलं पाणी निचरतं. तयार झालेल्या भागावर उभं राहूनच पुढचे खांब बसवायचे, सामान हातगाडीने आणायचं. नळ्यांची कापणी, भोकं आणि गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) कारखान्यात. ग्राऊटचं धुवण पाण्यात जाऊ देऊ नका, ते तीव्र अल्कधर्मी असतं. कडेच्या मुरमाच्या भागाच्या उताराकडच्या बाजूला गाळ अडवायला बांबूच्या खुंट्यांवर जिओटेक्स्टाइल कापडाचा पडदा लावून त्याची खालची कड १५ सेंमी गाडा. नुसती टेकवली तर पहिल्याच सरीत गाळ खालून निघतो.

काम एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. स्थलांतरित पक्षी बहुतेक गेलेले असतात आणि चिखल सर्वात कोरडा असतो. पण टिटवीची अंडी याच दिवसांत उघड्या खडीवर असतात, म्हणून सामानाचा ढीग टाकण्याआधी जागा चालून बघा. पाणकोंबड्या आणि कमळपक्षी पावसाळ्यात घरटी करतात, त्यामुळे जूनमध्ये मुदतवाढ देऊ नका. राहिलेलं काम पुढच्या एप्रिलला.