मदत हवी आहे : नववीतील कोरकू मुलांच्या वाचनासाठी

सप्रेम नमस्कार. मी मेळघाटात, धारणी तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते. ही भाषा मुंडा कुळातील आहे आणि तिच्यात नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते. त्यामुळे ‘तो, ती, ते’ यांत मुले अडखळली, तर त्यांना कच्ची ठरवणे मला अन्यायाचे वाटते. खरी चिंता वेगळीच आहे. अक्षरे जुळवून ती धडा मोठ्याने वाचतात, परंतु अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

गेल्या वर्षापासून शाळा सुटल्यावर मी एक तास थांबतो. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मुले कोरकूत सांगतात, आम्ही त्या देवनागरीत लिहून काढतो आणि शेजारी मराठी लिहितो. स्वतःची गोष्ट वाचताना एरवी अडखळणारा मुलगाही थांबत नाही, हे मी रोज पाहतो. मात्र दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, मुलेही सोबत जातात, आणि होळीला परतल्यावर बरेचसे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

१४-१५ वर्षांच्या मुलांना बालिश वाटणार नाहीत अशी, सोप्या मराठीतील, मोठ्या अक्षरांची पुस्तके कृपया सुचवावीत. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांसोबत ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी स्थलांतराच्या महिन्यांत वाचन कसे टिकवले, हेही सविस्तर कळवावे.