चर्चा: होमस्टेच्या साइटवर असिंक कशाला? डिफर लावा आणि मोकळे व्हा

खाडीकाठ (धागाकर्ता)
मालवण, तारकर्ली, देवबागकडच्या होमस्टेंच्या बऱ्याच साइट्स चाळल्या. तऱ्हा एकच. नकाशा, फोटोंचा स्लायडर, बुकिंगचं कॅलेंडर, कोपऱ्यात चॅटचा बुडबुडा. प्रत्येक स्क्रिप्टला, म्हणजे पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट फाइलीला, असिंक हा शब्द चिकटवलेला, आणि मग कोण आधी पोचलं ते कळावं म्हणून कॉलबॅकच्या (काम झालं की बोलावायच्या फंक्शनच्या) पोटात कॉलबॅक.

असिंकमुळे फाइल पानाला न अडवता उतरते, हे खरं. पण उतरली की क्रम न बघता लगेच चालते. कॅलेंडरची फाइल छोटी, ती ज्या लायब्ररीवर (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडवर) उभी आहे ती मोठी. बनवणाऱ्याकडे कुडाळात फायबर, लायब्ररी कॅशमध्ये (ब्राउझरने आधीच साठवलेली), सगळं झकास. देवबागच्या टोकाला नेटवर्कची एक काडी मिळाली की कॅलेंडर आधी येतं, लायब्ररी सापडत नाही, तारखा रिकाम्या.

डिफर लावलं तर उतरणं तसंच बाजूला चालू राहतं, पण फाइली चालतात पान वाचून झाल्यावर, लिहिलेल्या क्रमाने. कॉलबॅक हवाय कशाला? असिंक लिहिणाऱ्याने आधी कारण द्यावं.

रातांबा
निदान बरोबर, औषध अर्धं. डिफरची रांग असते. रांगेत पुढे चॅटवाल्याची फाइल असेल आणि त्याचा सर्व्हर ढिम्म असेल, तर मागचं कॅलेंडरही ताटकळतं. डीओएमकंटेंटलोडेड, म्हणजे ‘पान वाचून झालं’ हा ब्राउझरचा इशारा, तोसुद्धा डिफरच्या फाइली चालून होईपर्यंत येत नाही, म्हणजे त्यावर टांगलेलं सगळंच लटकलं. आपल्या फाइली डिफर, परक्यांच्या असिंक. हे घे कारण.

खाडीकाठ
परक्यांच्या मुळात हव्यात का? चार खोल्यांच्या घराला चॅट कोण सांभाळणार, काकू वडे तळायच्या सोडून? नकाशाचंही तेच. गूगलच्या नकाशाची स्क्रिप्ट जुन्या, थेट टॅगच्या पद्धतीने घातली तर पत्त्यातच कॉलबॅकचं नाव देतात आणि ते फंक्शन ग्लोबल, म्हणजे पानात कुठूनही दिसणारं, लागतं. कुणीतरी कोड मॉड्यूलमध्ये (आपली नावं बाहेर न दाखवणाऱ्या फाइलीत) हलवतो, फंक्शन आत अडकतं, ते विंडोवर, म्हणजे पानाच्या सामाईक खुंटीवर, टांगायचं राहतं, आणि नकाशाच्या जागी राखाडी चौकोन. त्यापेक्षा एक चित्र लावा, त्यावर लिंक द्या. माणूस रस्ता शेवटी फोनमधल्या ॲपवरच बघतो.

रातांबा
चित्राचं मान्य. पण पैसे भरायची स्क्रिप्ट? ती तर परक्याचीच असणार. तिला चित्र लावून भागणार नाही.

कातळसडा
तुम्ही दोघेही कोण आधी, कोण नंतर यावर भांडताय. फाइल आलीच नाही तर? वैशाखात वळीव झाला, वीज गेली, टॉवरही गप्प. हे काय नवीन आहे आपल्याकडे? फाइल आल्यावर काय करायचं तो ऑनलोड सगळे लिहितात, फसल्यावर काय करायचं तो ऑनएरर कुणी लिहीत नाही. त्यात नेट पुरतं तुटण्याऐवजी लोंबकळत राहिलं तर ऑनएररही लवकर येत नाही, म्हणून स्वतःचा टायमर लागतो. आता खरी गंमत. टायमर संपला, तुम्ही ‘फोन करा’ दाखवलंत, आणि मागून फाइल आली. साध्या कॉलबॅकमध्ये दोन्ही फांद्या चालतात. पैशांच्या पानावर हे चालेल?

दुसरी खोच: त्याच फाइलची वाट दोन ठिकाणी बघायची असेल आणि दुसऱ्याने ऑनलोड उशिरा लावला, फाइल चालून गेल्यावर, तर तो जन्मभर वाट बघतो. तो इव्हेंट पुन्हा येत नाही.

यावर उत्तर प्रॉमिस, म्हणजे पुढे लागणाऱ्या निकालाची पावती. 2015 पासून जावास्क्रिप्ट भाषेतच आहे, 2017 पासून त्या निकालाची वाट बघणारं अवेटही. एकदा निकाल लागला की तो बदलत नाही, आणि उशिरा विचारणाऱ्यालाही तोच मिळतो. प्रत्येक पत्त्यामागे एकच प्रॉमिस साठवा. फसलेलं मात्र साठ्यातून काढा, आणि पुन्हा प्रयत्न करताना नवा स्क्रिप्ट टॅग तयार करा. जुना टॅग दुसऱ्यांदा चालत नाही.

खाडीकाठ
एका बटणासाठी एवढा संसार? पैशांची स्क्रिप्ट बटण दाबल्यावर आणा, तोवर बटणावर ‘थांबा’.

रातांबा
दाबल्यावर नको, तारखा निवडल्या की सुरू कर. नाव-पत्ता भरेपर्यंत फाइल येते. आणि जावास्क्रिप्टने घातलेला टॅग आपोआप असिंकच असतो बरं का. अशा दोन फाइली क्रमाने हव्या असतील तर टॅगवर असिंक फॉल्स, म्हणजे बंद, करावं लागतं. म्हणजे ज्याला शिव्या घालतोयस तोच तुझ्या बटणामागे बसलाय.

नाखवा
बाबांनो, गिऱ्हाईक शेवटी फोनच करता. नंबर साध्या एचटीएमएलात पानाच्या वर ठेवा. तेका ना असिंक लागता, ना डिफर.

रातांबा
आणि एकच खोली दोघांना दिली गेली की? दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून रात्री साडेअकराला बुकिंग करणाऱ्याचा फोन कोण उचलणार?

कातळसडा
नाखवांचं नाकारू नका. टायमर संपल्यावर दाखवायला तोच नंबर लागतो. फक्त तो पानात आधीपासून असू दे. जी स्क्रिप्ट आलीच नाही, ती तो कुठून दाखवणार?

खाडीकाठ
ठीक, पैशांपुरतं प्रॉमिस घेतो. स्लायडर आणि कॅलेंडरला डिफरच, आणि चॅट काढणारच. टायमर किती सेकंदांचा ठेवायचा ते कातळसडाने सांगावं, आणि देवबागात उभं राहून मोजून सांगावं, कुडाळात बसून नको.