शब्दचर्चा : ‘ट्रीटी सिक्स’ला मराठीत काय म्हणावं?

शेवंती :
कॅनडातल्या क्री लोकांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे आणि एकाच शब्दावर अडले आहे. २३ ऑगस्ट १८७६ रोजी फोर्ट कार्लटन इथे (आजच्या सस्कॅचवान प्रांतात) राणी व्हिक्टोरियाच्या वतीने आलेले लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस आणि क्री प्रमुख यांच्यात क्रींच्या जमिनीबद्दल ‘ट्रीटी सिक्स’ झाली. ९ सप्टेंबरला फोर्ट पिटलाही सह्या झाल्या, तिथे क्रींबरोबर त्यांचे उत्तरेकडचे शेजारी चिपेवायन, म्हणजे डेने लोकही होते. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘सहावा तह’ लिहून टाकलं. आता वाचताना पुरंदर आणि सालबाई आठवत राहतात. इथे तर लढाई झालीच नव्हती. ‘करार’ लिहिलं तर भाडेकरारासारखं वाटतं. शिवाय क्री भाषेत स्वतः ते लोक याला काय म्हणतात?

मोडीवाचक :
ताई, ‘तह’ नकोच. आजच्या वाचकाला तहात कोणीतरी हरलेलं दिसतं, निदान दमलेलं. १८७६ साली क्री हरलेले नव्हते, पण चहूकडून कोंडी होत होती. १८६९-७० च्या देवीच्या साथीत माणसं गेली होती. बायसनचे कळप झपाट्याने आटत होते. १८७९ पर्यंत कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून ते जवळजवळ संपलेच. आणि त्याआधीच हडसन्स बे या फरच्या व्यापारातल्या इंग्रज कंपनीने तो सगळा मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली केला होता, तिथे राहणाऱ्यांना न विचारता.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा ‘कौलनामा’ आला होता. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार कौल देई, अभय आणि सवलती त्यात लिहिलेल्या असत. पण कौल वरून खाली येतो. ज्यांच्या जमिनीवर तुम्ही उतरलात त्यांनाच कौल कसला देता? म्हणून तोही बाद.

खडूस :
‘ट्रीटी’च ठेवा की. पेन्शन, नोटीस, अपील सगळं पचलंय आपल्याला.

एडमंटनकर :
खडूसभाऊंशी मी निम्मा सहमत आहे, कारण इथली मंडळी स्वतः इंग्रजीत बोलतानाही तो शब्द विशेषनामासारखाच वापरतात. मी राहतो ते एडमंटन याच ट्रीटीच्या प्रदेशात आहे. क्रीमध्ये या गावाला ‘अमिस्क्वचीय-वास्कहिकन’ म्हणतात, बीव्हर टेकड्यांचं घर. इथे सरकारी बैठक असो की शाळेचं स्नेहसंमेलन, सुरुवातीला ‘आपण ट्रीटी सिक्सच्या भूमीवर जमलो आहोत’ असं म्हणायची पद्धत आहे.

आता क्री शब्द. (क्री हे नावही त्यांचं नव्हे. ओजिब्वे लोकांनी एका टोळीला दिलेल्या नावाचं फ्रेंचांनी ‘क्री’ केलं. मैदानी क्री स्वतःला ‘नेहियवक’ म्हणतात.) ट्रीटीला त्यांच्याकडे दोन शब्द कानावर येतात, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. एक ‘तिपहमातोविन’. यातला धातू मोजण्याचा आणि पैसे चुकते करण्याचा, म्हणजे देण्याघेण्याची बाजू. दरवर्षी ठरलेली रक्कम वाटतात त्या दिवसाचं नावही याच शब्दावरून आहे. दुसरा ‘किह्चि-असोतमातोविन’. ‘किह्चि’ म्हणजे थोर, पवित्र. पुढचा भाग म्हणजे एकमेकांना दिलेलं वचन. सस्कॅचवानमधले बुजुर्ग ट्रीटीबद्दल बोलताना हा दुसरा शब्द वापरतात, आणि त्याच्या जोडीला ‘वाह्कोह्तोविन’ येतो : नातं, आणि त्या नात्याने अंगावर येणारी कर्तव्यं. त्यांच्या समजुतीने त्या दिवशी जमिनीची विक्री झाली नाही, राणीशी नातं जुळलं. राणीला ते म्हणत ‘किह्चि-ओकिमास्क्वेव’, थोर बाईप्रमुख.

मोडीवाचक :
मग मराठीत त्या दुसऱ्या शब्दाला ‘भाक’ आहेच. भाक देणे, भाकेला गुंतणे. ‘आणाभाका’ हल्ली बागेतल्या बाकावर जाऊन बसल्या आहेत, त्यामुळे अनेकवचन टाळा. मॉरिस यांच्या स्वतःच्या वृत्तांतात आहे की बोलणी सुरू होण्याआधी मिरवणुकीने पाईप आणला गेला आणि तो त्यांच्यापुढे धरला गेला. आपल्याकडे जिथे बेलभंडार उचलत तिथे त्यांच्याकडे पाईप. त्याच्या समोर बोललेलं खोटं असू शकत नाही.

शेवंती :
त्या पाईपचंही विचारणारच होते. ‘चिलीम’ लिहू?

मोडीवाचक :
लिहू नका. गोसावी दिसतील.

एडमंटनकर :
‘पाईप’ ठेवा. जाता जाता, क्री व्याकरणात नामांची वाटणी स्त्री-पुरुष अशी नसून सजीव-निर्जीव अशी आहे, आणि पाईप सजीव गटात येतो. दगडही सजीव. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी मात्र निर्जीव, तेव्हा फार तत्त्वज्ञान काढायला जाऊ नका. आपल्याकडे भिंत बाई आणि दरवाजा बुवा का, याला जेवढं उत्तर आहे तेवढंच.

पण शेवंतीताई, तुमच्या लेखात माझ्या मते ‘ट्रीटी’पेक्षा अवघड शब्द दुसराच आहे, तो म्हणजे इंग्रजीतला ‘वुई’. क्रीमध्ये त्याला दोन वेगळी सर्वनामं आहेत. ‘नियनान’ म्हणजे समोरच्याला वगळून आम्ही, आणि ‘कियानौ’ म्हणजे समोरच्याला धरून आपण. मराठीसारखंच, अगदी तंतोतंत. बोलण्यांच्या नोंदी इंग्रजीत उरल्या आणि त्यात दोन्हींचा एकच ‘वुई’ झाला. तुम्ही मराठीत उतरवताना प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागणार.

फोर्ट कार्लटनला पाउंडमेकर हा तरुण, तेव्हा प्रमुखही नसलेला माणूस उठून बोलला. ही आमची जमीन आहे, पेमिकनचा तुकडा नव्हे की तुम्ही कापून थोडी थोडी आम्हालाच परत द्यावी, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. (पेमिकन म्हणजे वाळवलेल्या मांसाची पूड, चरबी आणि रानफळं थापून केलेली शिदोरी. शब्द क्रीच आहे, ‘पिमी’ म्हणजे चरबी.) इथे ‘आमची’च हवं, ‘आपली’ लिहिलंत तर सगळं बोलणंच उलटेल. याउलट आज सस्कॅचवानमध्ये ‘वुई आर ऑल ट्रीटी पीपल’ असं म्हणतात. तिथे ‘आम्ही सगळे’ लिहिलंत तर वाक्य मेलंच. तिथे ‘आपण सगळे’. ट्रीटीला दोन बाजू होत्या, तेव्हा गोऱ्यांचे आणि नंतर आलेल्या आमच्यासारख्यांचेही तिथले हक्क त्याच कागदावरून आले, असा त्याचा अर्थ आहे.

शेवंती :
हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. खर्ड्यात सगळीकडे ‘आम्ही’ आहे. पण त्या वेळी दुभाषा होताच ना? त्याने तरी काय सांगितलं असेल?

एडमंटनकर :
सरकारचे दुभाषे होतेच, पण मिस्तवासिस आणि अताह्ककूप या दोन मोठ्या प्रमुखांनी स्वतःचा वेगळा नेमला होता, पीटर इरॅस्मस. त्याच्या आठवणींत आहे की सरकारी दुभाष्यांपैकी एक जण दलदली क्री आणि सोल्टो यांची सरमिसळ बोलू लागला, तेव्हा मिस्तवासिसने त्याला थांबवलं : आम्ही मैदानी क्री आहोत, आमच्या भाषेत बोला. हा मानापमान नव्हता. क्रीच्या बोलींमध्ये एकाच जागी वेगवेगळे ध्वनी येतात. मैदानी ‘मी’ म्हणजे ‘निया’, दलदली ‘नीना’, मूस नदीकडे ‘नीला’. सोल्टो ही तर ओजिब्वेची शाखा, नात्यातली पण वेगळी भाषा. जमिनीचा व्यवहार चाललाय आणि दुभाषा निम्मं शेजारच्या भाषेत बोलतोय, हे कोणाला चालेल?

शेवंती :
आता मूळ कागदातलं जमिनीचं कलम. इंग्रजीत एकापाठोपाठ चार क्रियापदं आहेत, सगळ्यांचा अर्थ सोडून देणे, स्वाधीन करणे. मराठीत एवढी कुठून आणू?

मोडीवाचक :
खरेदीखतं वाचा, भरपूर मिळतील. पण गंमत बघा. आपल्या इनामपत्रांत काय काय दिलं ते मोजून सांगतात : जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, भूमिगत ठेव. ट्रीटीच्या त्या कलमात ‘जमिनींवरचे सर्व हक्क’ असा एकच मोठा घास आहे. क्रींना तोंडी काय सांगितलं होतं?

एडमंटनकर :
नेमकं तिथेच भांडण आहे. क्री बुजुर्गांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सांगण्याप्रमाणे नांगराच्या फाळाइतकी खोल माती वाटून घ्यायचं ठरलं होतं, शेतीपुरती. पाणी, प्राणी, जमिनीखालचं काही द्यायचा विषयच निघाला नव्हता. तुमच्या यादीतलं तृणच काय ते, तेही वरवरचं. पुढे १९३० मध्ये केंद्र सरकारने खनिजांसह जमिनींचा ताबा प्रांतांकडे दिला, आणि अल्बर्टाचं तेल कोणाचं हा वाद त्या कलमाशी येऊन भिडतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रीटीचा अर्थ लावताना तोंडी वचनंही विचारात घ्यायची हे मान्य केलं आहे. १९९६ च्या बॅजर खटल्यात ते आहे, तो खटला ‘ट्रीटी आठ’ या दुसऱ्या ट्रीटीचा.

एका कलमाचं भाषांतर मात्र शब्दशःच करा. एजंटच्या, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याच्या घरी ‘औषधांची पेटी’ ठेवली जाईल, असं ट्रीटी सिक्समध्ये आहे. त्याचं ‘वैद्यकीय सुविधा’ करू नका. १९३५ मध्ये एका न्यायालयाने त्यातून सगळी औषधं मोफत असा अर्थ काढला, १९६६ मध्ये सस्कॅचवानच्या अपील न्यायालयाने तो आवळून पेटीपुरता केला. क्रींचं म्हणणं, पेटी म्हणजे आजारपणाची पूर्ण जबाबदारी. तुम्ही ‘सुविधा’ लिहिलंत तर तुम्हीच निकाल देऊन मोकळ्या व्हाल.

खडूस :
आणि ‘सूर्य तळपतोय तोवर’चं काय? ते ‘आचंद्रार्क’च ना?

मोडीवाचक :
मोह मलाही झाला. पण मॉरिस म्हणाले ते असं की, मी देतो ते वचन वर तो सूर्य तळपतो आहे आणि ती तिकडची नदी वाहते आहे तोवर टिकेल. चंद्र त्यात नाहीच, आणि नदी खरीखुरी, समोर दिसणारी उत्तर सस्कॅचवान. ‘आचंद्रार्क’ म्हटलं की ती नदी जाते आणि ताम्रपट येतो. साधं वाक्यच ठेवा, ‘तो’ आणि ‘ती तिकडची’ यांसकट.

शेवंती :
पटलं. मग असं करते : विशेषनाम म्हणून ‘ट्रीटी सिक्स’, सही झालेल्या कागदाला ‘करारपत्र’, आणि बुजुर्गांच्या तोंडी जिथे येईल तिथे ‘भाक’. शेवटचं एक. माणशी दरसाल पाच डॉलर ठरले होते, त्याला ‘वर्षासन’ चालेल?

मोडीवाचक :
वर्षासन शास्त्रीबुवांना आणि देवस्थानांना मिळायचं, धन्याच्या मर्जीने. दानाचा वास येतो.

एडमंटनकर :
आणि ते अजून मिळतात, दरसाल पाच डॉलरच. १८७६ पासून आकडा हललेला नाही. ‘वार्षिक देणं’ लिहा.