नौदल अधिकाऱ्याची फ्रेम: ‘हजेरीची’ पदकं काढून टाकावीत का?

समासकर:
पुण्यात निवृत्त फौजी घरांना तोटा नाही, आणि जवळपास प्रत्येक दिवाणखान्यात काचेच्या फ्रेममध्ये पदकांची लांबलचक रांग. माझं मत: नौसेना मेडल, विशिष्ट सेवा मेडल अशी कमावलेली पदकं तेवढीच लावा. ९ वर्षं, २० वर्षं, १९७२चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, ही नोकरीत टिकल्याची पदकं. त्या गर्दीत खरं पदक हरवतं.

नांगरवाला:
साफ चूक. कारकीर्द वाचता येते ती ह्या ‘हजेरी’तूनच. १९७१चं युद्ध घ्या. संग्राम मेडल तेव्हा सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. पण शेजारी ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचं पदक) असेल तर माणूस विमानवाहू विक्रांत होती त्या आघाडीवर. ‘पश्चिमी स्टार’ असेल तर कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र नौका आणि ९ डिसेंबरला बुडालेली युद्धनौका खुकरी जिथे होती त्या आघाडीवर. जनरल सर्व्हिस मेडलच्या फितीवर ‘गोवा १९६१’ची धातूची पट्टी असेल तर आणखी दहा वर्षं मागे जाता येतं. फ्रेमवाले नेमकी हीच पट्टी घडीखाली दाबतात.

समासकर:
स्टार आघाडी सांगतो, जहाज नाही. पश्चिमी स्टार दिसला की पाहुणे थेट कराचीला पोचतात, तेच मला खटकतं.

पेठेतला चिकित्सक:
मग तुमचं ‘कमावलेलं’ तरी काय सांगतं? नौसेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. पदक तेच पंचकोनी, फीत तीच गडद निळी, मधोमध बारीक पांढरी रेघ. काचेबाहेरून फरक ओळखून दाखवा! तो सायटेशनमध्ये, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणाऱ्या मजकुरात असतो, म्हणून त्याची प्रत फ्रेमच्या पाठीमागे पाकिटात हवीच.
आणि रांग फोडू नका. पदकाच्या काठावर नाव-क्रमांक कोरलेला असतो. सुटं पदक उद्या जुन्या बाजारातल्या नाण्यांच्या ढिगात गेलं तर ओळख म्हणून तेवढीच उरते.

नांगरवाला:
तीही लोक घासून घालवतात. पितळेच्या पॉलिशमध्ये बारीक खर असते, चार दिवाळ्यांत काठावरची अक्षरं बोथट होतात. वर त्यातला अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूला खातो. कोरडं सुती फडकं पुरे. गोंद तर अजिबात नको. फीत पाठीमागून दोऱ्याने टाचावी.

पेठेतला चिकित्सक:
पाठीला लोकरी फेल्टही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो. जुलैत, हवा ओली असताना, फ्रेम बंद करू नये. कोरड्या दिवसांत करावी, आत सिलिका जेलची पुडी टाकून. फीत ३२ मिमीची असते. तुळशीबागेतली साटिनची पट्टी रुंदीलाही जुळत नाही आणि रेघांनाही.

समासकर:
सायटेशनचं मान्य. ९ आणि २० वर्षंही राहू देत. पण १९७२चं कशाला?

नांगरवाला:
कारण त्यावरून तो त्या वर्षी गणवेशात होता एवढं तरी पक्कं कळतं. ९ वर्षंवालं कोणत्या ९ वर्षांचं ते सांगत नाही.
आणि क्रम तपासा. सर्वांत वरच्या मानाचं पदक घालणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. निम्म्या फ्रेमा उलट्या लागलेल्या असतात.

समासकर:
आमच्या सोसायटीच्या हॉलमधली उलटीच आहे. कमिटीला सांगणार कोण!