साठीनंतर नवी साडी : "आता मला कशाला?" हे नेमकं कोण बोलतं?

काठपदर (पुणे)

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. साड्या घ्यायला आम्ही तिघी बहिणी गेल्या शनिवारी लक्ष्मी रोडला गेलो. ताई ७३ ची, मी ६७ ची, धाकटी ६१ ची. दुकानातल्या मुलानं विचारलं, "कोणासाठी दाखवू?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच." त्यानं मागे वळून जो गठ्ठा काढला त्यात मोतिया, बिस्किटी, राखाडी, फिका जांभळा, आणखी एक बिस्किटी. मी वरच्या फळीवरच्या डाळिंबी नारायणपेठेकडे बोट दाखवलं, हिरव्या काठाची होती. "ती सुनेसाठी का?" त्यानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "हो, हिला काय करायचीय आता या वयात."

मी राखाडी घेऊन घरी आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी एकटी बसनं गेले आणि डाळिंबी घेऊन आले. तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नाही.

आमच्या आईला वर्षाला दोन लुगडी मिळायची, एक दिवाळीला, एक पाडव्याला. रोजचं लुगडं विरलं की दांड घालून, म्हणजे विरलेला भाग कापून उरलेलं जोडून, नेसायची, आणखी विरलं की त्याची दुपटी, शेवटी गोधडी. "मला कशाला" असं ती म्हणायची तेव्हा त्यामागे हिशेब असायचा. तिचं एक लुगडं टळलं की आमच्यातल्या दोघींचे फ्रॉक व्हायचे. मी ३४ वर्षं शाळेत नोकरी केली, पेन्शन आहे, मुलं आपापल्या संसारात आहेत. तरी साड्यांच्या दुकानात माझ्या तोंडी आईचंच वाक्य येतं. तिची गरज होती, माझी नुसती सवय.

माझं म्हणणं इतकंच : जिला परवडतं तिनं साठीनंतरही स्वतःसाठी, आवडीच्या रंगाचं नवं कापड घ्यावं, आणि त्यासाठी लग्नकार्याचं निमित्त शोधत बसू नये. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

सांजवात (नाशिक)

काठपदर, डाळिंबी घेतलीत ते छानच केलंत. पुढचं मात्र मला पटलं नाही.

मी ७१ वर्षांची. सहा वर्षं झाली, स्वतःसाठी एकही साडी घेतलेली नाही. कपाटात मोजून ६२ साड्या आहेत. त्यातल्या मी निवडून घेतलेल्या जेमतेम दहा, बाकीच्या आहेराच्या आणि मानपानाच्या. आवडतात मला चार इरकली. अंग सुती, पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढरे पट्टे. धुऊन धुऊन त्या अशा मऊ झाल्यात की नेसल्यावर अंगावर काही आहे असं वाटत नाही. नव्या साडीला तिथवर यायला पंधरा वर्षं लागतात. ती पंधरा वर्षं आता कुठून आणू?

आणि मन मारलंय म्हणून नवं घेत नाही, असं कृपा करून समजू नका. आपल्याला काय हवं ते मला नीट कळलंय, आणि ते माझ्याकडे आहे.

उलट मला आता दुसऱ्याच बाजूनं टोचतंय. आमच्या भजनी मंडळानं दोन वर्षांत चौथ्यांदा एकरंगी साड्या ठरवल्या, दर खेपेला ९०० रुपये. नवरात्रात वर्तमानपत्रात नऊ रंग येतात, मग नऊ दिवस नऊ साड्या. आमच्यातल्या एकीकडे करडी साडी नव्हती, तर त्या दिवशी ती देवळातच आली नाही. ७५ वर्षांची बाई, करड्या रंगासाठी देवदर्शन चुकवते. पूर्वी "शोभतं का या वयात" म्हणून गप्प करायचे, आता "किती जुनाट राहतेस" म्हणून गप्प करतात. मधल्या मध्ये आमचं कोण ऐकतंय?

हिरवाचुडा (न्यू जर्सी)

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. थंडीमुळे ६९ व्या वर्षी पहिल्यांदा पँट आणि बूट घातले तिनं. दोन दिवस घराबाहेर पडायला लाजत होती. मग तिला खिसा सापडला. रुमाल, गोळ्या, घराची किल्ली, सगळं खिशात. परत गेल्यावर शिंप्याकडून सगळ्या कुडत्यांना खिसे लावून घेतलेत. फॅशन की सोय ते मला ठरवता येत नाही, पण नव्या कपड्यानं तिची चाल बदलली हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुईदोरा (डोंबिवली)

मी २२ वर्षं ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. साठीच्या पुढच्या गिऱ्हाईक बायका माझ्याकडे खूप आहेत. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेलीय म्हणून लिहिते.

"मला कशाला नवीन" असं म्हणणाऱ्या निम्म्या बायकांची अडचण साडी नसते, ब्लाऊज असतो. वय वाढलं की पाठीला बाक येतो. मग पाठीची उंची वाढते आणि पुढची कमी होते. छाती उतरते, म्हणजे टक्साचं, छातीशी घातलेल्या चुणीचं, टोक खाली घ्यावं लागतं. खांदा धरला की हात मागे जात नाही, त्यामुळे मागच्या हुकांचा ब्लाऊज घरात एकटीला घालताच येत नाही. दंड सैल पडतो म्हणून बाही कोपरापर्यंत हवी असते. पण साडीला जोडून येणारा ब्लाऊजपीस बहुतेक ८० सेंटीमीटरचा, अंगानं भरलेल्या बाईला त्यात कोपरापर्यंतची बाही बसत नाही. आणि तयार ब्लाऊज बघायला गेलं तर पाठ उघडी, दोऱ्या, लटकन.

बायका वीस वर्षांपूर्वीचा ब्लाऊज मापाला आणतात. मी म्हणते, काकू, नवं माप घेऊ या. त्या नको म्हणतात. टेप छातीभोवती गेला की त्यांचा चेहरा उतरतो. आकडा ऐकायचा नसतो. मग जुन्या मापाचा शिवायचा, दोन्हीकडची शिलाई उसवायची, तरी काखेत ओढतो, आणि साडी कपाटात जाते. पुढच्या वेळी विचारलं की "आता कशाला". माझाच अस्तराच्या ब्लाऊजचा दर ४५० आहे. फॉल-पिको वेगळं. इतकं करून अंगाला न बसणारी वस्तू मिळणार असेल तर कुठली बाई हौसेनं घेईल?

दुकानं आमच्या या गिऱ्हाइकांना फिके रंग दाखवतात, हे काठपदरताईंचं बरोबर आहे. पण रंग सुधारून भागणार नाही. त्यांच्या अंगाचा विचार करून कुणी कापतच नाही.

हिरवाचुडा, खिशाचं वाचून बरं वाटलं. लोकलनं जाणाऱ्या बायकांच्या परकराला मी कायम आतून खिसा लावून देते.

गोदाकाठ (बीड जिल्हा)

सगळं वाचलं. वाईट मानू नका, पण ही सगळी चर्चा पेन्शनवाल्यांची चाललीय.

माझी आई ७० वर्षांची, गावाकडं राहते. लाडकी बहीणचं वय ६५ ला संपतं, आईला म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात. त्यात बीपीच्या गोळ्या, किराणा आणि नातवाला वह्या. नवी साडी ती विकत घेत नाही, तिच्याकडं येते. भाऊबीजेला मामाकडून एक, अंत्योदय कार्डावर सरकारची वर्षाला एक, आणि लग्नसराईत आली तर आहेराची. ती "मला कशाला" म्हणते तेव्हा दीडशेची गोळ्यांची पाकिटं मोजून म्हणते. काठपदरताई, तुमच्या आईचा हिशेब तुम्ही मागच्या काळातला म्हणून सांगितलात. माझ्या आईचा तो याच महिन्यातला आहे.

फॅशन शब्द आमच्याकडं तिच्या वयाच्या बाईबद्दल कुणी वापरत नाही. पण आवड तिला आहे. आहेरात आलेली साडी पसंत पडली नाही तर शेजारच्या मावशीकडं जाते, दोघी आपापल्या साड्या अंथरतात आणि बदलून घेतात. आईला पोपटी आवडतो. तिच्या पेटीतल्या सातपैकी चार पोपटी आहेत, एकही विकत घेतलेली नाही.

काठपदर (पुणे)

गोदाकाठ, तुमचं बोलणं लागलं आणि ते योग्यच आहे. "जिला परवडतं तिनं" हे तीन शब्द लिहून मी पुढे गेले, त्या शब्दांत किती बायका बाहेर राहतात ते तुमच्यामुळे दिसलं. पण मावशीकडे साड्या अंथरणारी तुमची आई माझ्या बाजूची आहे असं मला वाटतं. तिनं पोपटी सोडलेला नाही.

सांजवात, भजनी मंडळाच्या सक्तीबद्दल मी पूर्ण तुमच्याबरोबर. पण त्या ६२ तल्या ५२ साड्या दुसऱ्यांनी निवडलेल्या, हे तुम्हीच लिहिलंय. आयुष्यभर अंगावर दुसऱ्यांची निवड आणि आता थांबायचं, हे मला पुरेसं वाटत नाही.

पंचगंगा (शिरोळ तालुका)

मी ६४ वर्षांची. मालक २००९ साली गेले. तेराव्याला भावजयीनं फिकी साडी आणली, पांढऱ्यावर राखाडी फुलं. कुणी मला लाल नेसू नको म्हणून सांगितलं नाही. सांगायला लागलंच नाही. त्यानंतर जे कापड घरात माझ्यासाठी आलं ते तसलंच आलं. हळदीकुंकवाला सुना जायच्या, मी घर राखायची.

मे २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून सांगितलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. पण माझ्या पेटीतल्या साड्या त्याच राहिल्या. ठराव कागदावर होतो, दुकानात पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. मला दीड वर्ष लागलं. कोल्हापूरला महाद्वार रोडवर नातीबरोबर गेले आणि हिरवी घेतली, साधी सुती, ७५० रुपयांची. दुकानदारानं "कोणासाठी" विचारलं तेव्हा माझ्या घशातून आवाज निघाला नाही. नात म्हणाली, "आजीसाठी."

पुरुष काही बोलले नाहीत. माझ्या वयाच्या बायका बोलल्या. पाण्याला गेलं की गप्प व्हायच्या.

सांजवातताई, तुम्ही थांबलात ते तुमच्या मर्जीनं. मला चौदा वर्षं थांबवलं होतं. म्हणून नवी साडी म्हणजे हौस की गरज, हे तुम्ही दोघी ज्या शब्दांत मोजताय त्यात माझी हिरवी बसत नाही.

चाफा (ठाणे)

मी सून म्हणून लिहिते, वय ३८. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. कपाट लावायला घेतलं तर न नेसलेल्या ४१ साड्या निघाल्या, काहींवर चिठ्ठ्या तशाच. १९८८ साली येवल्याहून हौसेनं आणलेली पैठणी त्यांनी दोनदा नेसली होती. उघडली तर चारही घड्यांवर चिरलेली, डांबरगोळ्यांनी जर काळी पडलेली. मी जमिनीवर बसून रडले.

त्यांना विकत घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. नेसायला त्या स्वतःच थांबत होत्या. "मुंजीला नेसेन", "मोठ्या नातीच्या लग्नात नेसेन." म्हणून मला काठपदरकाकूंचं "नवं घ्या" मान्य नाही. आधी आहेत त्या बाहेर काढा. भाजी आणायला पैठणी नेसून जा. रेशीम मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला. नवीन घेण्याबद्दल नंतर बोलू.

सांजवात (नाशिक)

पंचगंगाताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या बोलण्यात तुमच्यासाठी जागाच नव्हती, ती असायला हवी होती. पाण्यावर गप्प होणाऱ्या बायकांत मीही कधी काळी असेन. १९९० च्या सुमारास आमच्या वाड्यातल्या एका बाईंनी मिस्टर गेल्यावर जरीचा काठ नेसला होता, तेव्हा मी काय बोलले होते ते मला आठवतंय. त्या आता नाहीत.

काठपदर, तुमच्याशी माझा वाद मिटलेला नाही. बावन्न साड्या दुसऱ्यांनी निवडल्या म्हणून त्रेपन्नावी मी निवडावी, हे मला पटत नाही. त्या बावन्न मी काढून टाकणार आहे. उद्यापासून कपाट उपसते. बोहारणीला देणार नाही, आधी घरी काम करणाऱ्या मावशींना, मग भाच्यांना बोलावून अंथरते, गोदाकाठच्या आईंसारखी. ज्याला जी हवी ती. माझ्याकडे दहा राहिल्या तरी पुरे. आणि भजनी मंडळात या गुरुवारी सांगणार आहे, की इथून पुढे मी इरकलच नेसून येईन.

पंचगंगा (शिरोळ तालुका)

सांजवातताई, त्या वाड्यातल्या बाईंचं लिहिलंत, बरं केलंत.

सुईदोरा, तुम्हाला एक विचारायचं होतं. हिरवीवर मी जुना पांढरा ब्लाऊजच घालते अजून. लाल खणाचा शिवावा म्हणते. डावा खांदा धरलाय, हात वर जात नाही. इथल्या शिंपीणबाईंना काय सांगू?

सुईदोरा (डोंबिवली)

खण अरुंद पन्ह्याचा असतो, म्हणून पुरतो का ते शिंपीणबाईंना आधी विचारा आणि बाहीसाठी जास्तीचा घ्या. खणाला आतून सुती अस्तर लावायला सांगा, नाहीतर काठ टोचतात. हुक पुढे. डाव्या बाजूची मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई अर्धा इंच सैल ठेवायला सांगा. बाही कोपराच्या वर दोन बोटं. दोन्ही बाजूंना दीड इंच शिलाई आत सोडून ठेवायची. आणि माप अंगावर घ्यायला लावा, जुना पांढरा ब्लाऊज मापाला देऊ नका.