इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून रोड बाइकने जाताना अगदी अरुंद रस्तेच निवडावेत काय?

ईव्हनलोडकाठी:
इंग्लंडमध्ये रोड बाइक चालवणारी आपली बरीच मंडळी मार्ग ठरवताना एक तर राष्ट्रीय सायकल जाळ्याच्या पाट्यांवर विसंबतात, नाही तर सरळ बी-वर्गाचे, म्हणजे ए-वर्गाच्या मुख्य रस्त्यांखालोखालचे दुय्यम रस्ते धरतात. माझ्या मते दोन्ही टाळावे. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:५०,००० नकाशावर छोटे रस्ते पिवळ्या रंगात असतात आणि त्यांचे दोन प्रकार दाखवलेले असतात: साधारण ४ मीटरहून रुंद आणि ४ मीटरहून अरुंद. यांतले दुसरे, म्हणजे बारीक रेघेचे रस्ते एकमेकांना जोडत दिवसभराचा मार्ग आखावा.

कॉट्सवोल्ड्सचेच पाहा. या चुनखडीच्या टेकड्यांचा पश्चिमेकडचा कडा उभा आहे, तर पूर्वेची बाजू ऑक्सफर्डशरकडे सावकाश उतरत जाते. विंडरश आणि ईव्हनलोड या नद्या याच उतारावरून आग्नेयेकडे वाहतात, त्यामुळे नदीच्या कडेकडेने गेल्यास चढ फारसा जाणवत नाही आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात शिरताना मात्र पायांची परीक्षा होते. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने किंगहॅमला उतरून नॉन्टन, गाइटिंग पॉवर, स्नोशिल या गावांवरून गेल्यास ए-४२९, म्हणजे जुना रोमन फॉस वे, जेमतेम ओलांडण्यापुरता वाट्याला येतो. नकाशावरच्या बाणांवर तेवढी नजर असू द्यावी: एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ आणि दोन बाण म्हणजे त्याहूनही तीव्र.

राष्ट्रीय जाळे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ते मुलाबाळांसह निघालेल्यांचाही विचार करून आखलेले आहे, आणि त्यात कालव्याकाठच्या खडीच्या वाटा व मध्येच आडवी येणारी फाटके आहेत. ते सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२० मध्ये जवळजवळ पाव जाळे काढून टाकले किंवा वेगळ्या वर्गात घातले, यातच सर्व काही आले.

तिठा:
आपला प्रस्ताव नकाशावर देखणा दिसतो, पण मला तो धोक्याचा वाटतो. गावाची हद्द संपली, की वेगळी पाटी नसेल तर दुभाजक नसलेल्या कोणत्याही रस्त्यावर मोटारीला ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरची मुभा असते, आणि ही मुभा आपल्या ४ मीटरच्या रस्त्यालाही लागू आहे. दोन्ही कडांना माणसाच्या उंचीहून वाढलेली काटेरी झुडुपांची कुंपणे, पुढचे वळण आंधळे, आणि त्यापलीकडून कापणीच्या दिवसांत पूर्ण रस्ता व्यापणारा ट्रॅक्टर-ट्रेलर. ब्रिटनमध्ये सायकलस्वारांचे निम्म्याहून अधिक मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात, हे तिथल्या वाहतूक खात्याची आकडेवारीच सांगते. बी-रस्त्यावर निदान मधली पांढरी रेघ असते आणि दूरचे दिसते.

दुसरे म्हणजे पंक्चर. पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतकऱ्यांना ही कुंपणे छाटता येत नाहीत. त्यामुळे सप्टेंबर लागला, की यंत्राने छाटणी सुरू होते आणि हॉथॉर्न व ब्लॅकथॉर्न या झुडुपांचे टोकदार काटे रस्ताभर विखुरतात. ओल्या पानांखाली ते दिसत नाहीत, आणि टायरमध्ये मोडून राहिलेले टोक आतून बोट फिरवून शोधून काढले नाही, तर नवी ट्यूबही पाचच मिनिटांत पंक्चर होते.

ईव्हनलोडकाठी:
काट्यांचा मुद्दा मान्य आहे. शरद ऋतूत मी २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर सुचवीन. आकडेवारीचा अर्थ मात्र आपण लावता तसा निघत नाही. ‘ग्रामीण’ या सदरात ए आणि बी वर्गाचे भरधाव रस्तेही मोजलेले असतात, तेव्हा त्या मृत्यूंचा दोष बारीक पिवळ्या रेघेवर कसा टाकता येईल?

शिवाय २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, असे स्पष्ट म्हटले आहे, की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलला ओलांडताना किमान १.५ मीटर अंतर ठेवावे आणि वेग अधिक असल्यास अंतरही अधिक असावे. आता हिशेब करा: मोटार सुमारे दोन मीटर, मोकळे अंतर दीड मीटर आणि सायकलस्वाराला लागणारी जागा, ४ मीटरमध्ये हे बसतच नाही. म्हणजे अरुंद रस्त्यावर नीट वागणाऱ्या चालकाला ओलांडताच येत नाही, तो थांबतो. बी-रस्त्यावर मात्र ‘बसेल’ असे वाटून तो कोपर घासत जातो.

तिठा:
नीट वागणारा चालक थांबतो, हे खरे. तो मागे थांबला, की सायकलस्वार घाईघाईने बाजूच्या चिखलात उतरतो, हेही तितकेच खरे आहे. नियम पुस्तकात आहे; मागून येणाऱ्या इंजिनाचा आवाज पाठीवर असतो.

खडूची टेकडी:
आपण दोघेही रुंदीवरून भांडत आहात, आणि दोघांनीही दक्षिण इंग्लंड म्हणजे संपूर्ण इंग्लंड असे धरले आहे. माझ्या मते अरुंद रस्ता उघडा आहे की बंदिस्त, हे आधी पाहावे. नैर्ऋत्येकडच्या डेव्हनमधले कित्येक रस्ते शतकानुशतकांच्या वापराने जमिनीत खचलेले आहेत. तिथे तिठा यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरते. उत्तरेकडच्या यॉर्कशर वोल्ड्स या खडूच्या टेकड्यांमध्ये मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनी कुंपण घालून वाटल्या गेल्या, तेव्हा रस्ते सरळ आणि भरपूर रुंद पट्ट्यांत आखले गेले. आज डांबर मधोमध थोडेसे आणि दोन्ही बाजूंना गवताच्या ऐसपैस कडा असतात. समोरची मोटार बरीच आधी दिसते आणि तिला टाळायला जागाही असते.

इथला १४६ मैलांचा यॉर्कशर वोल्ड्स सायकल मार्ग बहुतांशी असल्याच रस्त्यांवरून जातो. डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रामुळे नावाजलेला गॅरोबी हिलचा रस्ता ए-१६६ आहे, वाहनांनी भरलेला असतो, तो सोडून द्यावा. मिलिंग्टनहून हगेट आणि पुढे थिक्सेंडेल धरावे. खडूच्या दगडात पाणी मुरते, त्यामुळे या दऱ्या कोरड्या आहेत, दुकानेही विरळ आहेत. दोन बाटल्या भरूनच निघावे. आणि कॉट्सवोल्ड्समधील शांततेचे एवढे कौतुक करताना ईव्हनलोडकाठी यांनी जुलैत स्नोशिलला लव्हेंडर पाहायला येणाऱ्या मोटारींचा उल्लेख टाळला, हे मला गमतीचे वाटले.

बीआरएमवाला:
मी पुण्याचा, आणि लंडन-एडिंबरो-लंडन या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या दृष्टीने ही चर्चा वाचत आहे. आमचा सराव महामार्गाच्या शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर होतो. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची राइड, साडेतेरा तासांत संपवायची असेल, तर दर दोन किलोमीटरला तिठ्यावर थांबून नकाशा पाहणे परवडत नाही. रविवारी पहाटे ए-रस्ता धरला तर काय बिघडेल?

तिठा:
मोठे रस्ते टाळण्याबाबत मी ईव्हनलोडकाठी यांच्या बाजूने आहे. ए-रस्त्यावर सायकलला सहसा बंदी नसते, पण आपल्याकडच्यासारखा पक्का शोल्डरही बहुतेक ठिकाणी नसतो. पांढरी रेघ संपली, की थेट गवत किंवा गटार लागते. मालमोटारी रविवारी पहाटेही असतात. आपल्याला बी-रस्ता पुरे.

खडूची टेकडी:
शिवाय आपण ज्या राइडची तयारी करत आहात, तिचा मार्गच यॉर्कशरमध्ये हॉवर्डियन टेकड्यांतून आखला जात आला आहे. कासल हॉवर्ड या वाड्यासमोरचा तो सरळ, पण सतत खालीवर होणारा रस्ता लहान लहान चढांनीच दमवतो. त्याच्या सरावासाठी पुण्याजवळ सपाट महामार्गापेक्षा मुळशीकडचा रस्ता अधिक उपयोगी पडेल.

ईव्हनलोडकाठी:
लव्हेंडरचा टोला स्वीकारतो. जुलैत गाइटिंग पॉवरहूनच मागे वळावे. बी-रस्त्यांबद्दलचे मत मात्र कायम आहे. तिठा यांनी कॉट्सवोल्ड्समधल्या स्टोहून स्टॅनवेकडे उतरणारा बी-४०७७ एखाद्या उन्हाळी रविवारी दुपारी धरावा आणि मधली पांढरी रेघ कितपत उपयोगी पडली, ते इथे सांगावे.